कांगारूची काटकसर

आई पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात आली तेव्हा तिची एकच मागणी होती: कांगारू बघायचा, पण पिंजऱ्यातला नको, रानातला मोकळा. म्हणून ॲडलेडहून उत्तरेकडे पाच तास गाडी चालवत आम्ही फ्लिंडर्सच्या डोंगररांगांत गेलो. जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा. दुपारी ४२ अंश, आणि झळा अशा की गाडीचं दार उघडायला नको वाटावं. एका निलगिरीच्या सावलीत डबा सोडला, तेवढ्यात समोरच्या कातळाच्या कपारीत आईला तो दिसला. ठेंगणा, भरदार अंगाचा, राठ केसांचा. बसल्या जागी तो दोन्ही हात आळीपाळीने चाटत होता, कोपरापासून मनगटापर्यंत, पुन्हा पुन्हा. हातावरचे केस भिजून कातडीला चिकटले होते.

"हाताला लागलंय गं त्याच्या," आई म्हणाली.

लागलं काहीच नव्हतं, तो अंग गार करत होता. कांगारूच्या पुढच्या पायांवर (त्यांना हातच म्हणू या) कातडीच्या लगेच खाली बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ऊन चढलं की शरीर तिकडे जास्त रक्त सोडतं. वरचा थुंकीचा ओलावा वाळताना त्या रक्तातली उष्णता घेऊन जातो आणि गार झालेलं रक्त परत अंगात फिरतं. एवढं सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे माठ." अगदी माठच. माठाला पाझरलेलं पाणी वाळतं म्हणून आतलं पाणी गार राहतं. इथे माठाच्या जागी हात आणि आतल्या पाण्याच्या जागी रक्त.

सगळं अंग ओलं करायचं तर केवढं पाणी जाईल. त्याऐवजी जिथे थोड्या ओलाव्यात जास्त काम होतं तेवढीच जागा ओली करायची. आई दहिवडीची. माण तालुक्यात टँकरच्या रांगेत उभं राहून तिने दिवस काढलेत. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं झाडांना, असं घर तिने चालवलंय. कांगारूचा हा हिशेब तिला समजावून सांगावा लागला नाही. कांगारू म्हटलं की आपण उडीवर बोलायला लागतो. पण मला विचाराल तर तो समजून घ्यायला काटकसर हा शब्द जास्त उपयोगी पडतो, आणि उडीसुद्धा त्याच शब्दाने उलगडते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. कांगारू म्हणजे एकच एक प्राणी, असं आपल्या मनात असतं. खरं तर हे मोठं कुळ आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी मिळून त्यात साठहून जास्त जाती आहेत. कुणी ८५ किलोचा, तर कुणी एखाद्या सशाएवढा. फ्लिंडर्समध्ये फिरण्याची मजा अशी, की या कुळातले चार जण एकाच मुलखात, एकाच उन्हात आणि एकाच तुटपुंज्या पावसात राहतात, पण प्रत्येकाने आपली जागा वेगळी धरली आहे. उघड्या माळावर लांब पायांचा लाल कांगारू. पायथ्याच्या झाडोऱ्यात पश्चिमी करडा कांगारू. डोंगरउतारावर आईने पाहिला तो ठेंगणा, त्याला इथे युरो म्हणतात. आणि उभ्या कड्यांवर पिवळ्या पायांचा खडक-वॉलबी. वॉलबी म्हणजे ढोबळमानाने लहान चणीचा कांगारू.

या डोंगरांचे मूळ रहिवासी अड्न्यामथना लोक. त्यांच्या एका जुन्या कथेत लाल कांगारू आणि युरो यांचं खाण्यावरून भांडण होतं. झटापटीत एकाचे हातपाय ताणले जाऊन लांब होतात आणि दुसरा दाबला जाऊन आखूड, जाडजूड होतो. मग युरो डोंगर उभे करतो आणि लाल कांगारू शेपटीने ते मागे सारून मैदान करतो. माळावरचा प्राणी लांब आणि डोंगरातला आखूड का, हा प्रश्न या लोकांनी फार पूर्वीच स्वतःला विचारला होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

या दोघांमधला फरक जीवशास्त्रातून पाहिला तरी तितकाच रंजक आहे. माळावर सावली कमी, म्हणून लाल कांगारू मिळेल त्या झुडपाखाली वरची तापलेली माती उकरून खळगा करतो आणि खालच्या गार मातीला अंग टेकून पडतो. शेपटी पायांमधून पुढे ओढून घेतो, म्हणजे उन्हाला तेवढंच अंग कमी मिळतं. त्याची लव आखूड पण दाट असते. ती ऊन बरंचसं परतवते आणि बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. दुपार अशी काढायची आणि सूर्य कलला की चरायला निघायचं. दूर कुठे पाऊस पडून कोवळं गवत फुटलं, तर तिकडे चालून जायची त्याची तयारी असते.

युरो असा हिंडत नाही. आपला डोंगर सोडायचा नाही, हा त्याचा शिरस्ता. कपारीत आणि गुहेत बाहेरच्यापेक्षा पुष्कळ गारवा असतो, त्यामुळे मुळात अंग गार करायलाच पाणी कमी लागतं. लाल कांगारूसारखी ऊन परतवणारी लव त्याला नाही आणि सावलीत राहत असल्यामुळे तिची गरजही पडत नाही. पण एकाच डोंगराला धरून राहायचं तर तिथे उगवेल ते खावं लागतं, आणि तिथे बहुतेक ठिकाणी स्पिनिफेक्स नावाचं सुईसारखं टोकदार, नीरस गवत असतं. त्यात प्रथिनं अगदी कमी. यावर युरोच्या शरीराने जो तोडगा काढलाय तो पाहून मी थक्क झाले होते. शरीरात तयार होणारा युरिया आपण लघवीवाटे टाकून देतो. युरो त्यातला बराचसा वाचवून पुन्हा जठरात पोचवतो. तिथले सूक्ष्मजीव त्या युरियातल्या नायट्रोजनपासून स्वतःची वाढ करतात, म्हणजेच नवी प्रथिनं बनवतात, आणि पुढे ते सूक्ष्मजीवच पचून युरोला लागू पडतात. युरिया कमी टाकायचा म्हटल्यावर लघवीला पाणीही कमी लागतं. एकाच युक्तीत अन्न वाचलं आणि पाणीही वाचलं.

हे सूक्ष्मजीव सगळ्याच कांगारूंच्या जठरात, त्याच्या पुढच्या लांबट भागात असतात. गायीच्या पोटातही गवत असंच आंबवलं जातं, पण कांगारू गायीसारखा तासन्‌तास बसून रवंथ करत नाही, आणि त्याच्या पोटातून मिथेन वायूही गुरांच्या मानाने फार थोडा निघतो. राठ गवताने दाढा झिजतात त्याचीही सोय आहे. कांगारूच्या दाढा जबड्यात हळूहळू पुढे सरकतात. पुढची झिजून पडली की मागची तिच्या जागी येते. मोठ्या कांगारूंना हा साठा आयुष्यभर पुरवावा लागतो, आणि म्हाताऱ्या कांगारूच्या दाढा संपल्या की त्याचं खाणंच संपतं. उत्तरेकडच्या नाबारलेक नावाच्या चिमुकल्या खडक-वॉलबीला मात्र मागून नव्या दाढा येतच राहतात.

आता उडी. आपण धावतो तेव्हा वेग वाढवला की दम वाढतो, हे कुणाला सांगायला नको. १९७३ साली डॉसन आणि टेलर या दोन शास्त्रज्ञांनी लाल कांगारूंना फिरत्या पट्ट्यावर पळवलं आणि त्यांना किती प्राणवायू लागतो ते मोजलं. कांगारू उड्या मारायला लागल्यावर वेग वाढत गेला, पण प्राणवायूची गरज जवळपास होती तिथेच राहिली. ताशी वीस-बावीस किलोमीटरपर्यंत वेग जवळजवळ फुकट मिळत होता.

याचं मर्म टाचेमागच्या कंडरेत आहे. स्नायू हाडाला बांधणारी ही जाड दोरी. कांगारू जमिनीवर उतरतो तेव्हा ती रबरासारखी ताणली जाते आणि उतरण्याचा जोर तिच्यात साठतो. पुढच्या क्षणी ती आखडते तेव्हा तोच जोर त्याला पुन्हा वर फेकतो. प्रत्येक उडी मागच्या उडीतून थोडं उसनं घेते. वेग वाढवायचा तर तो उड्या भराभर मारत नाही, त्यांची लांबी वाढवतो. शिवाय उडीबरोबर पोटातले अवयव मागेपुढे हलतात आणि फुप्फुसांत हवा भरायला-सोडायला मदत होते, सायकलच्या पंपासारखी. त्यामुळे श्वासाचा ताल आपोआप उडीच्या तालावर येतो. चाऱ्याच्या शोधात रात्रीतून मोठं अंतर तोडायचं असेल, तर याच्याइतकी स्वस्त चाल मिळणं कठीण.

हळू चालताना मात्र हीच रचना अडचणीची ठरते. चरणारा कांगारू नीट बघा. तो पुढचे दोन हात टेकवतो, शेपटी जमिनीला रेटतो आणि मागचे दोन्ही पाय एकदम पुढे घेतो. ही शेपटी नुसती टेकायला नसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत दिसलं की या संथ चालीत पुढे ढकलायचं जेवढं काम शेपटी करते, तेवढं पुढचे-मागचे चारही पाय मिळून करतात. म्हणजे तो खरोखरचा पाचवा पाय आहे.

सगळ्यात जास्त वेळ मला कांगारूच्या पिलांवर बोलायचं आहे, कारण काटकसर तिथे शरीरापुरती राहत नाही, ती काळाची होते.

१६२९ साली 'बटाविया' हे डच जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या आब्रोल्यूस बेटांवर आपटून फुटलं. त्याचा प्रमुख फ्रान्सिस्को पेलसार्ट. त्याआधी काही वर्षं हा गृहस्थ जहांगीरच्या राज्यात, आग्र्याला, डच कंपनीचा व्यापारी होता. बेटावर त्याने टॅमार वॉलबी पाहिले आणि पिशवीत सडाला चिकटलेली घेवड्याच्या दाण्याएवढी पिलं पाहून त्याचा समज झाला, की पिलू आईच्या सडातूनच उगवतं. त्याचं चुकलं, पण का चुकलं ते समजण्यासारखं आहे. पिलाचा जन्म होताना त्याने पाहिलाच नव्हता.

लाल कांगारूच्या मादीच्या पोटात गर्भ जेमतेम ३३ दिवस राहतो. जन्मताना पिलू एक ग्रॅमही भरत नाही. लांबी दोन-अडीच सेंटिमीटर, गुलाबी, डोळे न उघडलेलं, मागच्या पायांचे नुसते कोंब. फक्त हात तयार असतात, नखांसकट. त्या हातांनी आईची लव धरत ते पोटावरून एकटं वर चढतं, काही मिनिटांत पिशवीत पोचतं आणि एका सडाला तोंड लावतं. सडाचं टोक तोंडात फुगतं आणि पिलू तिथे घट्ट बसतं. बाकीची सगळी वाढ तिथेच.

हे असं का, हा प्रश्न आईने विचारला, आणि तो बरोबर जागी होता. पोटात नऊ महिने गर्भ वाढवायचा म्हणजे आईने सुरुवातीलाच फार मोठी गुंतवणूक करायची. अर्ध्यात दुष्काळ पडला तर दोघांचाही जीव धोक्यात. कांगारूच्या मादीचं जन्मापर्यंत फारसं काही खर्च झालेलं नसतं. खरा खर्च दुधावर, आणि दूध कमी करणं तिच्या शरीराला शक्य असतं.

याहून पुढची गोष्ट तर विलक्षण आहे. पिलू जन्मल्यावर एक-दोन दिवसांतच मादी पुन्हा गाभण राहते. पण हा नवा गर्भ शंभरेक पेशींचा झाला की वाढायचा थांबतो. मरत नाही, वाढत नाही, नुसता थांबतो. पिशवीतलं पिलू दूध ओढतंय तोवर त्या ओढण्यातूनच आईच्या शरीराला 'अजून नको' असा निरोप मिळत राहतो. पिलू मोठं होऊन दूध कमी ओढायला लागलं की थांबलेला गर्भ पुन्हा वाढू लागतो. साधारण आठ महिन्यांनी थोरलं पिलू पिशवीबाहेर पडतं आणि एक-दोन दिवसांत धाकटं जन्मून पिशवीत येतं. थोरलं बाहेरून तोंड घालून आपल्या ठरलेल्या सडाचं दूध पीतच असतं. शेजारच्या दोन सडांना दोन वेगळी दुधं येतात: तान्ह्याला पातळ, थोरल्याला सायीचं. आणि पोटात तिसरा, थांबलेला.

आता दुष्काळ पडला असं धरा. चारा संपतो, आईचं दूध आटतं, पिशवीतलं पिलू जगत नाही, दगावतं. हे लिहायला सोपं नाही, पण तसं होतं. ओढणं थांबल्याबरोबर थांबलेला गर्भ जागा होतो आणि महिनाभरात नवं पिलू पिशवीत येतं. तेही दगावलं तर त्याच्या मागे आणखी एक. लहान पिलाला दूध नगण्य लागतं, त्यामुळे आईवर भार पडत नाही, आणि या साखळीत कुठेही पाऊस आला की त्या वेळी पिशवीत असेल ते पिलू वाचतं. दुष्काळ फारच लांबला तर माजावर येणंही बंद होतं. पाऊस पडून गवत उगवलं की काही आठवड्यांत माद्या पुन्हा माजावर येतात.

पाऊस कधी येईल याचा भरवसा नसलेल्या मुलखात ही तयारी शोभते. अॅलिस स्प्रिंग्जला वर्षाची सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास, आपल्या माणदेशाहूनही कमी, आणि ती सरासरीसुद्धा कागदावरची, कारण एका वर्षी तिप्पट पडतो आणि पुढची दोन कोरडी जातात. पश्चिमी करडा कांगारू मात्र दक्षिणेकडच्या, हिवाळी पावसाच्या मुलखातला. त्याच्याकडे असा थांबलेला गर्भ आढळत नाही. त्याची पिलं ऋतू धरून होतात. ज्याला पावसाचा अंदाज बांधता येतो त्याला असा साठा करून ठेवायची गरज पडली नसावी, असं मला वाटतं. त्याच्याकडे दुसरी एक ताकद आहे. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या काही झुडपांत गुरंमेंढरं मारणारं फ्लोरोॲसिटेट हे विष असतं, आणि तिथला करडा कांगारू ते बऱ्याच प्रमाणात पचवतो.

पेलसार्टने पाहिलेल्या टॅमार वॉलबीचं घड्याळ आणखी वेगळं. तिचा गर्भ जवळजवळ अकरा महिने थांबतो आणि डिसेंबरातला सगळ्यात मोठा दिवस सरल्यावर जागा होतो, म्हणजे पिलं जानेवारीच्या अखेरीस. आब्रोल्यूस बेटांवर उन्हाळ्यात गोडं पाणी मिळत नाही. तिथले टॅमार समुद्राचं पाणी पिऊन तगू शकतात, कारण त्यांची मूत्रपिंडं तेवढं मीठ बाहेर टाकण्याइतकी समर्थ आहेत.

ज्यांना पाण्याची ददात नाही असे भाऊबंदही आहेत. क्वीन्सलंडच्या पर्जन्यवनात अर्ध्या किलोचा कस्तुरी उंदीर-कांगारू राहतो. तो दोन पायांवर उड्या मारत नाही, चारी पायांवर धावतो आणि पडलेली फळं खातो. पूर्वी सगळेच साधारण असे असावेत. पुढे खंड कोरडा होत गेला, रानं विरळ झाली, गवत पसरलं आणि उडीला भाव आला. त्यातलेच काही मागाहून परत झाडावर चढले. न्यू गिनी आणि उत्तर क्वीन्सलंडचे वृक्ष-कांगारू ते. त्यांचे हात बळकट झाले, नखं वाकडी झाली, पावलं आखूड आणि रुंद झाली, आणि मागचे पाय एकेक करून टाकता येऊ लागले. जमिनीवरच्या कांगारूला ते जमत नाही, पण तोच पाण्यात पोहताना मात्र एकेक पाय मारतो.

संध्याकाळी आम्ही ब्राचिना घळीत गेलो. दोन्ही बाजूंनी तांबडे कडे, मधून कोरडी नदी. पिवळ्या पायांचा वॉलबी, अड्न्यामथना भाषेत आंडू, याच कड्यांवर असतो. उन्हाची आणि तहानेची सोय त्याने हजारो वर्षांत करून ठेवली होती, पण युरोपातून आणलेला कोल्हा आणि मोकाट सुटलेल्या बकऱ्या हे त्याच्या हिशेबात नव्हतं. कोल्हा पिलं खातो आणि बकऱ्या त्याचा चारा आणि सावलीच्या कपारी बळकावतात. या डोंगरांत आंडू फार थोडे उरले होते. १९९२ पासून सरकारने कोल्हे आणि बकऱ्या हटवायचं काम नेटाने धरलं आणि ते पुन्हा वाढले. त्यांना नवं काही शिकवावं लागलं नाही, वाट तेवढी मोकळी करून द्यावी लागली.

अर्धा तास आम्हाला दगडच दिसत होते. मग त्यातला एक हलला. राखाडी पाठ, पांढरी पट्टी, पिवळे पाय आणि पिवळ्या-तपकिरी कड्यांची लांब शेपटी. कातळाच्या रंगात इतकी मिसळलेली, की हलल्याशिवाय ओळखू येऊ नये. तिने आम्हाला नीट पाहून घेतलं आणि जिथे मला बोट ठेवायलाही जागा दिसत नव्हती तिथे उडी घेतली. तळव्यांना खरखरीत दाणेदार कातडी आणि शेपटीचा तोल, यावर तिचा सगळा भरवसा. पाय लागला तिथून एक खडा सुटून खाली आला. ती थांबली तेव्हा पोटाच्या पिशवीतून एक लहानसं डोकं बाहेर आलं आणि कान हलवून परत आत गेलं.

आई गाडीला टेकून उभी होती. अंधार पडेपर्यंत तिने अकरा मोजले.